फुरसतीचे शब्द आणि शब्दांवरचा जोर

मुलांच्या हातातला मोबाईल सुटत नाही, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. सुट्टीच्या दिवशी मूल खोलीच्या एका कोपऱ्यात, अब्बा दुसऱ्या कोपऱ्यात आणि अम्मी स्वयंपाकघरात. सगळे घरातच असतात, पण सोबत कोणी नसते. फुरसत मिळत नाही असे आपण म्हणतो. मिळाली तर तिचे काय करायचे हे मात्र ठरलेले नसते. आरोग्य आणि फुरसत या दोन नेमतींच्या बाबतीत पुष्कळ माणसे तोट्यात राहतात, अशा अर्थाची हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. मराठीतला 'फुरसत' हा शब्द फारसीतून आला आणि त्याचे मूळ अरबी आहे. अरबीत 'फ़ुर्सा' म्हणजे संधी. मोकळा वेळ आणि संधी, दोन्हींचे मूळ एकच.

माटुंगा आणि वडाळ्याच्या सीमेवर राहणारी आम्ही चार कुटुंबे गेल्या वर्षापासून रविवारी अस्रच्या नमाजनंतर एकत्र बसून स्पॅनिश भाषा शिकतो. शिकवायला कोणी मोठे प्राध्यापक नाहीत. महाविद्यालयात जाणारी एक मुलगी बाहेर वर्ग करून येते आणि तिथे शिकलेले आम्हाला सांगते. आमच्यात नऊ वर्षांच्या मुलापासून साठीच्या दादींपर्यंत सगळे आहेत. सुरुवात कठीण व्याकरणाने न करता आम्ही खेळ आणि फुरसत यांच्या शब्दांनी केली. त्यातून जे हाती आले ते वाचकांसमोर ठेवावे, म्हणून हा लेख.

स्पॅनिशच का?

स्पॅनिश सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. जवळपास ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत अरबीबरोबर तिचेही स्थान आहे. स्पेन सरकारच्या भाषासंस्थेचे, म्हणजे इन्स्तितूतो सेर्वान्तेसचे, केंद्र २००९ पासून नवी दिल्लीत आहे. पर्यटन, भाषांतर, परदेशी कंपन्यांची ग्राहकसेवा अशा क्षेत्रांत ही भाषा उपयोगी पडते, म्हणून मुंबईतली अनेक मुले ती शिकतात.

पण आमच्या मुलांना नोकरीपेक्षा फुटबॉलचे वेड अधिक. माटुंगा हा मैदानांचा भाग आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा ही वस्ती आखताना रस्त्यांबरोबर बागा आणि मोकळ्या जागाही राखल्या. फाइव्ह गार्डन्स, दडकर मैदान, जिमखाने, शाळांची पटांगणे ही त्याचीच पुण्याई. कोल्हापूरच्या वाचकांना तर सांगायलाच नको. तिथल्या तालमींचे फुटबॉल संघ आणि विश्वचषकाच्या वेळी गल्लीगल्लीत फडकणारे अर्जेंटिनाचे झेंडे सर्वांना माहीत आहेत. त्या अर्जेंटिनाची भाषा स्पॅनिशच. २०२४ ची युरो स्पर्धा स्पेनने जिंकली, तेव्हा अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी सतरा वर्षांचा झालेला लामिन यामाल त्या संघात होता. त्याचे वडील मोरोक्कोचे. यामाल हे आपल्या ओळखीचे 'जमाल' हेच नाव आहे, हे कळल्यावर आमच्या मुलांना ही भाषा एकदम जवळची वाटू लागली.

मराठी येते, मग अर्धे काम झाले

मराठी माणसाला स्पॅनिश इंग्रजीपेक्षा सोपी वाटावी अशा बऱ्याच गोष्टी आहेत. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. प, त, क म्हणताना इंग्रजीसारखी हवा सोडायची नसते. लिहिलेला शब्द जवळजवळ जसा दिसतो तसाच वाचला जातो.

त्याहून मोठी सोय वाक्यात आहे. इंग्रजीत 'मी आवडतो' अशा धर्तीवर वाक्य करावे लागते. मराठीत आपण 'मला क्रिकेट आवडते' म्हणतो. स्पॅनिशमध्येही तसेच: 'मे गूऽस्ता एल क्रीऽकेत'. 'मे' म्हणजे मला आणि 'गूऽस्ता' म्हणजे आवडते. अनेक गोष्टी असतील तर आपण 'आवडतात' म्हणतो, ते म्हणतात 'गूऽस्तान'. 'मला खेळ आवडतात' म्हणजे 'मे गूऽस्तान लोस देपोऽर्तेस'. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे हमखास अडखळतात. आमच्या दादींना हे वाक्य पहिल्याच दिवशी जमले.

उर्दू बोलणाऱ्या आणि कुरआन तजवीदने शिकलेल्या मुलांना आणखी एक फायदा आहे. स्पॅनिशमध्ये 'खोता' नावाचे अक्षर आहे. त्याचा उच्चार उर्दूतल्या ख़ुदा, ख़बर या शब्दांतल्या ख़ च्या जवळचा आहे. लेखात तो आम्ही नुक्ता देऊन लिहिला आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात 'आख़ेद्रेऽस'सारख्या शब्दातला शेवटचा स अरबीतल्या 'से' या अक्षरासारखा, जिभेचे टोक दातांमध्ये आणून म्हणतात. लॅटिन अमेरिकेत मात्र साधा स चालतो. हे उच्चार अरबांनी स्पेनला दिले असे काही जण समजतात, पण ते बरोबर नाही. खोताचा हा उच्चार सोळाव्या-सतराव्या शतकात रूढ झाला. त्याआधी तिथे श सारखा आवाज होता. साम्य योगायोगाचे असले तरी फायदा आपला आहेच.

खेळांचे आणि फुरसतीचे शब्द

खेळ म्हणजे 'देपोऽर्ते' आणि मोकळा वेळ म्हणजे 'तिएऽम्पो लीऽब्रे'. साधा चेंडू 'पेलोऽता', फुटबॉलचा मोठा चेंडू 'बालोऽन'. फुटबॉल 'फूऽत्बोल', टेनिस 'तेऽनिस', बास्केटबॉल 'बालोन्सेऽस्तो', पोहणे 'नातासिओऽन', सायकल चालवण्याचा खेळ 'सिक्लीऽस्मो', धावण्या-उड्यांचे मैदानी खेळ 'आत्लेतीऽस्मो', कुस्ती 'लूऽचा' आणि बुद्धिबळ 'आख़ेद्रेऽस'.

घरातल्या फुरसतीचे शब्दही तितकेच कामाचे: वाचणे 'लेएऽर', चित्र काढणे 'दिबुख़ाऽर', शिवणकाम करणे 'कोसेऽर', गप्पा मारणे 'चार्लाऽर', फेरफटका मारणे 'पासेआऽर', विश्रांती घेणे 'देस्कान्साऽर', प्रवास करणे 'बिआख़ाऽर'. चित्रपट 'पेलीऽकुला' आणि संगीत 'मूऽसिका'.

एक बारकावा लक्षात ठेवावा. फुटबॉल, टेनिस, बुद्धिबळ हे खेळ 'खेळायचे' असतात, म्हणून तिथे 'ख़ुगाऽर' हे क्रियापद येते. पोहणे किंवा कसरत 'करायची' असते, म्हणून तिथे 'आसेऽर', म्हणजे करणे. मराठीतही आपण 'व्यायाम खेळतो' असे म्हणत नाही, त्यामुळे हा फरक मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

वरच्या शब्दांत मध्येच ऽ ही खूण दिसते. ती आम्ही आमच्या वहीपुरती योजलेली खूण आहे आणि पुढचा भाग तिच्याविषयीच आहे.

जोर कुठे द्यायचा?

देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर दाखवता येतात, जोर दाखवता येत नाही. मराठीत त्याची गरजही फारशी पडत नाही. 'मैदान' या शब्दात आधीच्या अक्षरावर जोर दिला काय किंवा नंतरच्या अक्षरावर दिला काय, अर्थ तोच राहतो. स्पॅनिशमध्ये मात्र प्रत्येक शब्दात एक अक्षर इतरांपेक्षा ठासून म्हणावे लागते. ज्या अक्षरावर जोर, त्याच्यापुढे आम्ही ऽ लिहितो. 'पेलोता' असे नुसते लिहिले, तर मराठी डोळा शेवटच्या 'ता'च्या काना पाहून तिथेच आवाज लांबवतो आणि शब्द बिघडतो.

हा जोर पाठ करत बसावे लागत नाही. त्याचे नियम तीन आहेत.

पहिला नियम: शब्दाच्या शेवटी स्वर, 'एन' किंवा 'एस' असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. पेलोऽता, देपोऽर्ते, तेऽनिस.

दुसरा नियम: शेवटी इतर कोणतेही व्यंजन असेल तर जोर शेवटच्या अक्षरावर. आख़ेद्रेऽस (इथे शेवटी लिहिण्यात 'झेड' आहे, 'एस' नाही), तसेच माद्रीऽद, नादाऽल, यामाऽल. क्रियापदांची मूळ रूपे 'आर'ने संपतात, म्हणून ती सगळी याच नियमात बसतात: नादाऽर (पोहणे), कोर्रेऽर (धावणे), लेएऽर.

तिसरा नियम: वरचे दोन्ही नियम मोडत असतील, तर जोराच्या स्वरावर उजवीकडे कललेली एक तिरकी रेघ काढतात. फूऽत्बोल 'एल'ने संपतो, म्हणजे नियमाने जोर शेवटी हवा होता. तो पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून तिथे रेघ. बालोऽन 'एन'ने संपतो, नियमाने जोर 'बा'वर हवा होता. तो शेवटी आहे, म्हणून रेघ. जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल तर रेघ नेहमीच असते: मूऽसिका, पेलीऽकुला.

एक गंमत मुलांनीच शोधून काढली. बालोऽनचे अनेकवचन 'बालोऽनेस'. जोर त्याच जागी राहतो, पण आता तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर आला, म्हणून रेघ गळून पडते. त्या दिवशी मुलांना कळले की ही रेघ म्हणजे नक्षी नव्हे, तिच्यामागे हिशेब आहे.

रस प्यायला की खेळला?

जोर चुकला तर काय बिघडते, असा प्रश्न आमच्यातल्या एका अब्बांनी विचारला. त्याचे उत्तर पुढच्या जोड्यांत आहे. 'ख़ूऽगो' म्हणजे फळांचा रस आणि 'ख़ुगोऽ' म्हणजे तो किंवा ती खेळली. 'गाऽनो' म्हणजे मी जिंकतो, 'गानोऽ' म्हणजे तो जिंकला. सामना कोणी जिंकला हे एवढ्या फरकावर ठरते. लॅटिन अमेरिकेत 'पाऽपा' म्हणजे बटाटा आणि 'पापाऽ' म्हणजे वडील. आपल्याकडे घरात हाक मारताना बहुतेक मुले पहिल्या 'पा'वरच जोर देतात. हे कळल्यापासून आमच्या एका घरातल्या पापांना रविवारी बटाटा व्हावे लागते.

सगळ्यात सुंदर उदाहरण पंचाचे. 'आऽर्बित्रो' म्हणजे पंच, 'आर्बीऽत्रो' म्हणजे मी पंचाचे काम करतो आणि 'आर्बित्रोऽ' म्हणजे त्याने पंचाचे काम केले. अक्षरे तीच, जोराच्या जागा तीन आणि अर्थही तीन. कुरआन पठण शिकताना मद्द चुकवला तर अर्थ बदलू शकतो, म्हणून उस्ताद वारंवार थांबवतात. ज्या मुलांना ही सवय होती, त्यांना स्पॅनिशचा जोर लवकर पकडता आला. स्वराची लांबी आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्हींसाठी कान तयार असावा लागतो.

आणखी एक फरक इथे लक्षात आला. मराठीत 'खेळला' आणि 'खेळली' ही दोन रूपे आहेत. स्पॅनिशमध्ये 'ख़ुगोऽ' एवढेच. मुलगा खेळला की मुलगी, हे क्रियापद सांगत नाही.

अंदालुसची आठवण

इ.स. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम राज्ये होती. त्या आठ शतकांचा ठसा भाषेवर राहिला. अरबीतून आलेले आणि त्यांच्यापासून बनलेले शब्द मिळून सुमारे ४००० भरतात, असा अंदाज भाषेचे अभ्यासक देतात. फुरसत आणि खेळ यांच्या शब्दांतही ते भेटतात.

बुद्धिबळाचेच पाहा. आपल्या देशातले चतुरंग इराणात 'चतरंग' झाले, अरबांकडे 'शतरंज' झाले आणि 'अश्-शतरंज'वरून स्पेनमध्ये 'आख़ेद्रेऽस'. आपण ज्याला उंट म्हणतो तो मोहरा तिथे 'आल्फीऽल', म्हणजे अरबीत 'अल्-फ़ील', हत्ती. शह आणि मात यांचे 'ख़ाऽके माऽते' झाले. कास्तिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने बुद्धिबळ, फासे आणि पटावरचे खेळ यांवर करवून घेतलेला सचित्र ग्रंथ १२८३ साली सेव्हिल्यात पूर्ण झाला. त्याच्या चित्रांत मुस्लिम आणि ख्रिस्ती खेळाडू पटावर बसलेले दिसतात. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. हा खेळ इथून जगभर फिरला आणि आजही आपल्याच मातीत रुजलेला आहे.

घोडेस्वाराला स्पॅनिशमध्ये 'ख़िनेऽते' म्हणतात. हा शब्द उत्तर आफ्रिकेतल्या ज़नाता या जमातीच्या नावावरून आला, कारण त्यांचे घोडेस्वार प्रसिद्ध होते. मेक्सिकोत पोहण्याच्या तलावाला 'आल्बेऽर्का' म्हणतात, तो अरबीतला 'अल्-बिरका'. 'गिताऽर्रा' हा शब्द ग्रीकमधून अरबीमार्गे आला. सामन्यानंतर प्यायचा संत्र्याचा रस म्हणजे 'ख़ूऽगो दे नाराऽन्ख़ा'. त्यातला 'नाराऽन्ख़ा' आपल्या नारिंगाचा भाऊ. साखर म्हणजे 'आसूऽकार', जी आपल्या शर्करेपासून अरबी 'सुक्कर'मार्गे तिथे गेली.

पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, त्यामुळे गोव्याकडून मराठीत आलेले शब्दही ओळख देतात. बटाटा तिथे 'पाताऽता', पगारासारखा 'पागाऽर' म्हणजे पैसे देणे, आणि साबणाचा नातेवाईक 'ख़ाबोऽन'.

आणि मुलांचा सर्वांत आवडता शब्द 'ओख़ालाऽ'. अंदालुसच्या अरबीतले 'अल्लाहची इच्छा असेल तर' या अर्थाचे बोल झिजून तो तयार झाला. आज स्पेनमधला कोणीही माणूस 'असे होवो' या अर्थाने तो वापरतो. 'ओख़ालाऽ गानेऽमोस' म्हणजे 'आपण जिंको'. जोर शेवटच्या 'ला'वर आहे, म्हणून तिथे रेघ.

कोरा राहिलेला रकाना

शब्द पाठ झाल्यावर वाक्ये करायची वेळ आली. 'तुझ्या मोकळ्या वेळात तू काय करतोस?' हा कोणत्याही स्पॅनिश पुस्तकातला ठरलेला प्रश्न. मुलांनी एका मोठ्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचा रकाना आखला आणि उत्तरे भरायला सांगितली.

मुलांचे रकाने पटापट भरले. अब्बांच्या रकान्यात टीव्हीवरचा सामना, नाक्यावर 'चार्लाऽर', फेरफटका. अम्मींचे रकाने मात्र अडले. एकीने 'कोसिनाऽर' लिहिले. स्वयंपाक म्हणजे फुरसत की काम, यावर चर्चा झाली आणि तिने स्वतःच ते खोडले. दुसरीने 'दोर्मीऽर' लिहिले, म्हणजे झोपणे. तिसरीने काहीच लिहिले नाही.

मग शिकवणाऱ्या मुलीने भूतकाळाचे दुसरे रूप सांगितले: 'ख़ुगाऽबा', म्हणजे खेळायचो, खेळायची. त्यावर रकाने भराभर भरू लागले. शाळेत खो-खो खेळायची. लंगडीत कोणाच्या हाती लागायची नाही. गावी विहिरीत पोहायची. दादी म्हणाल्या, "मुली मोठ्या झाल्या की मैदान सुटतं बेटा, हे आमच्या वेळेपासूनचं आहे." कोणी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण कागद सगळ्यांसमोर होता. पुरुषांच्या रकान्यात 'ख़ुएऽगो', मी खेळतो. बायकांच्या रकान्यात 'ख़ुगाऽबा', मी खेळायची.

याच शहरात नागपाड्याच्या मुस्लिम मोहल्ल्याने बास्केटबॉलचे एकाहून एक खेळाडू दिले. तिथल्या अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या समाजाला खेळ नवा नाही. प्रश्न घरातल्या वेळेच्या वाटणीचा आहे. ही वाटणी आपणच केलेली आहे, त्यामुळे ती आपल्याला बदलताही येते.

आम्ही काय केले तेही सांगतो. रविवारी अस्रनंतरचा चहा-नाश्ता आता पुरुष करतात. तो वेळ बायकांचा. दोघी बॅडमिंटन खेळतात, एक फाइव्ह गार्डन्सला फेऱ्या मारते आणि एक निवांत बसून वाचते. पहिले दोन आठवडे चहा फार गोड होता, एवढीच तक्रार आली. आमच्यातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीचा बास्केटबॉलचा सराव मगरिबनंतर असल्यामुळे घरून बंद झाला होता. आता आठवड्यातून दोन दिवस तिची अम्मी सोबत जाते. अब्बा त्या दिवशी धाकट्याचा अभ्यास घेतात. बाकीचे दिवस अजून सुटलेले नाहीत. त्यावर घरात बोलणे चालू आहे, आणि ते मोकळेपणाने चालू आहे हेही थोडके नाही.

घरी सुरुवात करायची असेल तर

ज्या वाचकांना हा प्रयोग करायचा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

रोज पंधरा मिनिटे पुरतात. एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोज थोडे बसणे बरे. एका दिवशी पाच शब्दांहून अधिक घेऊ नयेत.

प्रत्येक शब्द टाळी वाजवत म्हणावा. जितकी अक्षरे तितक्या टाळ्या, आणि जोराच्या अक्षरावर जोरात टाळी. लहान मुले यात मोठ्यांना मागे टाकतात.

वहीत शब्दाशेजारी मराठी अर्थ लिहावा, इंग्रजी नको. 'मला आवडते' आणि 'मे गूऽस्ता' शेजारी शेजारी दिसले की वाक्य आपोआप बसते.

आणि मोकळ्या वेळेचा कागद जरूर भरावा, घरातल्या प्रत्येकाचा. त्यात कोणाचा रकाना कोरा राहतो तेवढे पाहावे. भाषा शिकायला वेळ लागेल, तो रकाना भरायला याच रविवारी सुरुवात करता येईल. ओख़ालाऽ.